शेण उचलायच्या आधी

आमच्या घरी माझ्यासाठी एक वेगळी बादली होती. संध्याकाळी कामावरून आले की मागच्या दारानं यायचं, चपला बाहेर काढायच्या, साडी त्या बादलीत टाकायची आणि आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, असा आईचा कायदा होता. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा याच आईनं नागपुरात आमच्या महाल भागातल्या ओळखीच्या घरोघरी पेढे वाटले होते. आपली पोरगी आता पांढरा कोट घालून काचेच्या नळ्यांमध्ये रंगीत पाणी ओतणार, अशी तिची समजूत. नळ्या आणि रंगीत पाणी माझ्या नशिबी आलंच, पण ते पाणी रंगायचं ते गोठ्यातल्या हवेनं. जनावरांच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. गोठ्यांमधली आणि कोंबड्यांच्या शेडमधली हवा मोजायची, शेणामुताचा वास म्हणजे नक्की किती वास ते ठरवायचं, हे आमचं काम. त्याच सुमारास मोठा भाऊ कोराडीला वीजकेंद्रात लागला. तो केसांत राख घेऊन घरी यायचा आणि मी साडीला शेण लावून. आई शेजारणीला सांगायची, एक राख आणतो, दुसरी शेण आणते, भांडी घासायची आणि अंगण सारवायची सोय झाली.

सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. आमचं यंत्र आज कोणाला दाखवलं तर हसू येईल. एक मोठी काचेची बाटली, पाण्यानं काठोकाठ भरलेली, तिला खाली तोटी. तोटी उघडली की पाणी बाहेर पडायचं आणि जितकं पाणी बाहेर तितकीच हवा वरच्या रबरी नळीतून आत ओढली जायची. वाटेत एका छोट्या बाटलीत पातळ आम्ल असायचं. हवेतला अमोनिया, म्हणजे डोळ्यांना झोंबतो तो वायू, त्या आम्लात अडकून राहायचा. मग प्रयोगशाळेत येऊन त्यात एक औषध टाकलं की पाणी पिवळं व्हायचं. अमोनिया जास्त तर रंग गडद, फारच झाला तर तपकिरी. नळीचं तोंड कुठं धरायचं याबद्दल आमच्या साहेबांचा नियम ठरलेला होता. बसलेल्या म्हशीचं नाक जिथं येतं, तिथं. हवा तुमच्यामाझ्यासाठी मोजत नाही, जिला ती रात्रभर ओढायची आहे तिच्यासाठी मोजतो, असं ते म्हणायचे. त्यामुळे नोकरीची पहिली वर्षं मी म्हशींच्या शेजारी उकिडवी बसून काढली. म्हशींना रबरी नळी म्हणजे वैरणीचाच प्रकार वाटतो. एकीनं तर ती इतक्या प्रेमानं चावली की मला ओढाताण करून सोडवावी लागली.

साहेब बोलायला कमी आणि कामाला चोख. देवावर त्यांचा विश्वास होता की नाही ते मला कळलं नाही, पण बाटलीत आलेल्या रंगावर होता. तो रंग जे सांगेल ते कागदावर उतरायचं, मग समोरचा हसो की रडो.

एका हिवाळ्यात आमच्याकडे हुडकेश्वरच्या वाटेवरचा एक गोठा मोजायचं काम आलं. तिकडे तेव्हा शेतंच जास्त, पण लेआउट पडायला सुरुवात झाली होती. खुंट्या ठोकलेल्या, मधूनच एखादं नवं घर, बाकी तूर आणि बोरीची झुडपं. अशाच एका नव्या घरात राहायला आलेल्या गृहस्थांनी तहसील कचेरीत अर्ज केला होता. शेजारच्या गोठ्याच्या हवेनं मुलं खोकतात, तेव्हा गोठा हलवावा. गृहस्थ आमच्या वडिलांसारखेच कचेरीत फायली हाताळणारे, चष्म्यातून नीट पाहून बोलणारे. वाईट माणूस मुळीच नव्हता. कचेरीनं ठरवलं की आधी हवा मोजून घ्या. हवा वाईट निघाली तर गोठा उठेल, चांगली निघाली तर राहील. इतका साधा निकाल होता आणि तो आमच्या बाटलीवर येऊन ठेपला होता.

दिवस ठरवून यायला साहेबांनी मला एकटीलाच पाठवलं. गोठा पन्नाशीच्या पुढच्या एका बाईंचा होता. उंच, काटक, कासोटा घातलेलं लुगडं आणि हातात सतत काहीतरी काम. मी त्यांना पहिल्या भेटीतच मावशी म्हणायला लागले. नवरा सायकलला कॅन लावून नागपुरात दूध घालायचा, लेक सावनेरला दिली होती. दिरांनी आपापल्या हिश्श्याची शेतं प्लॉटवाल्यांना विकली, मावशींनी मात्र गोठा आणि त्यामागचा तुकडा सोडला नाही. चार म्हशी, चारही त्यांच्या हातावर वाढलेल्या. गोठा कवेलूंचा, म्हणजे कौलारू, दोन बाजू उघड्या, खाली फरशीवर तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलेला, मुताची नाली बाहेर काढून दिलेली. मागे शेणाचा उकिरडा होता, तो जरा घराच्या जवळच होता हे खरं. पण आत गेल्यावर माझ्या नाकाला फारसं काही जाणवलं नाही, आणि तोवर माझं नाक चांगलं तयार झालेलं होतं.

मी कशासाठी आले ते सांगितल्यावर मावशींनी हातातलं टोपलं खाली ठेवलं. म्हशी विकाव्या लागतील का, असं त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हशी गेल्या तर मी दिवसभर करू काय वं?"

 मी साहेब कोणत्या दिवशी येणार तेवढं सांगितलं आणि निघाले.

ठरलेल्या सकाळी आम्ही पोचलो तर गोठ्याच्या दारात रांगोळी. म्हशी धुऊन काढलेल्या, शिंगांना तेल. जमिनीवरचं कुटार काडीकाडी उचललेलं आणि फरशी घासून पांढरी केलेली. नालीच्या दोन्ही कडांनी चुन्याच्या भुकटीच्या सरळ रेघा होत्या आणि म्हशींच्या पायाखालीही चुना शिंपडलेला होता. शहरात दूध द्यायला जाताना नवऱ्यानं हे पाहिलं होतं. मंत्री येणार असला की कार्पोरेशनची माणसं रस्त्याच्या कडेनं अशाच रेघा मारायची. मंत्र्यासाठी मारते, मंग साहेबासाठी काहून नाही, असं मावशींचं म्हणणं. शिवाय पाहुण्यांना उकिरडा दिसू नये म्हणून गोठ्याच्या उघड्या बाजूंना लेकीच्या लग्नातल्या ठेवणीतल्या चादरी बांधल्या होत्या. एकीवर मोर भरलेले होते. हे सगळं आदल्या दिवशीच उरकून त्या आमची वाट पाहत होत्या.

आत पाऊल टाकलं आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेबांनी खिशातला रुमाल काढला. म्हशी माना झटकून फुरफुरत होत्या. मावशींचे डोळे लालभडक झालेले, पण पाहुण्यांसमोर पदर डोळ्याला लावायचा नाही म्हणून त्या तशाच हसून उभ्या. मी एका म्हशीच्या नाकासमोर नळी धरून बसले आणि तोटी सोडली. पाणी उतरत होतं आणि मला मनातून चीड येत होती. मागच्या खेपेला हाच गोठा इतका बरा होता, आज याला झालं काय ते कळेना. मावशींनी आम्हाला कांदेपोहे खाऊ घातले, वरून सायीचा चहा दिला. त्यांच्या तोंडावर परीक्षा चांगली गेल्याचं समाधान होतं.

प्रयोगशाळेत औषध टाकलं आणि पाणी तपकिरी झालं. इतकं गडद की आमच्याकडच्या रंगांच्या नमुन्यांत ते कुठं बसेना. साहेबांनी बाटली उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली आणि अर्ज खरा दिसतो एवढंच म्हणाले. अहवाल उद्या लिहू, असं सांगून ते घरी गेले. बसमध्ये मला मावशींचं ते समाधानी तोंड दिसत राहिलं. फार वाईट वाटलं मला.

घरी आले तर आईला पडसं झालेलं. डोकं धरून ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती आणि तिच्या हातात नेहमीची ती छोटी बाटली होती. नवसागर आणि चुना एकत्र करून बूच लावून ठेवायचा, डोकं जड झालं की बूच काढून हुंगायचं, हे औषध आमच्याकडे पणजीपासून चालत आलेलं. आईनं बूच काढलं आणि तो भपका माझ्यापर्यंत आला. तोच वास होता. सकाळी गोठ्यात आलेला, अगदी तोच. नवसागरातला अमोनिया चुन्यानं मोकळा होतो, हे मी शाळेत शिकले होते, कॉलेजात शिकले होते आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. गोठ्यात नवसागर नव्हता, पण तसाच अमोनिया पोटात ठेवणारं मूत होतं, त्यावर चुना होता, रात्रभर वर म्हशी उभ्या होत्या आणि चादरींनी वारा अडवलेला होता. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. मावशींनी पाहुण्यांच्या मानासाठी स्वतःच्या हातानं गोठ्यात अमोनियाची बाटली उघडून ठेवली होती. मी आंघोळ न करता तशीच स्वयंपाकघरात शिरले आणि आईच्या हातातली बाटली मागून घेतली. त्यावरून जे बोलणं ऐकलं ते इथं लिहीत नाही.

सकाळी ती बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि हुंगून पाहा म्हटलं. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि खुर्चीसकट मागे झाले. मग मी सगळं सांगितलं. ते आधी ऐकेनात. गोठा त्यांचा, चुना त्यांचा, तेव्हा हवाही त्यांचीच, असा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, शेजाऱ्यांचा अर्ज रोजच्या हवेबद्दल आहे, सणाच्या हवेबद्दल नाही. आपण मोजली ती सणाची. साहेब बाटलीचं बूच काढत लावत राहिले. शेवटी म्हणाले की पुन्हा मोजू, पण मग सगळ्यात वाईट वेळेची मोजू. पहाटे, रात्रभर जनावरं बसून असतात तेव्हा, सकाळचं शेण उचलायच्या आधी. आणि अर्ज करणारे गृहस्थ तिथं हजर पाहिजेत, म्हणजे आम्ही सोयीची वेळ निवडली असं त्यांना वाटायला नको. अट रास्त होती. त्याच दुपारी मी आनंदात हुडकेश्वरला गेले.

चुन्याची गोष्ट मावशींना लगेच पटली. म्हशी फुरफुरत होत्या ते त्यांनीही पाहिलं होतंच. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हलकेच हात मारला आणि आता चुन्याचं नाव काढत नाही म्हणाल्या. मग मी पुढची अट सांगितली आणि त्यांचा चेहरा बदलला. शेण उचललं नाही, सडा टाकला नाही, आणि अशा गोठ्यात साहेब येणार? तेही त्या शेजारच्या भाऊसाहेबांना घेऊन, ज्यांनी अर्ज केला?

"तुले आई आहे ना?" त्यांनी विचारलं. "तिच्या घरी आधीची खरकटी उचलल्याबिगर कोणाले जेवायले बसवते का ती?"

मी म्हटलं, "मावशी, नाही म्हणाल तर गोठा जाईल."

"अन् त्याच्यासमोर असा उघडा पडला तर मंग राहिलं काय माझं? ज्यानं माझा गोठा घाण म्हणून लिहून देल्लं, त्यालेच मी घाण दाखवू?"

मी समजावून थकले. मला रागही आला, कारण मी त्यांच्याच भल्यासाठी साहेबांशी भांडले होते आणि त्या मलाच उलट सुनावत होत्या. नवरा बाजूला सायकलची साखळी बसवत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं की हिनं कबूल केलं तरी उपयोग नाही. ही घरात असली आणि शेण पडलेलं दिसलं की हिचे हात राहणार नाहीत, झोपेतही उठून उचलेल. मावशींनी ते नाकारलं नाही. मी दिवस सांगितला आणि उत्तराची वाट न पाहता निघाले.

त्या पहाटे धुकं होतं. मी आणि साहेब पोचलो तेव्हा शेजारचे गृहस्थ नाकावरून मफलर गुंडाळून फाटकाशी उभे होते. मला खात्री होती की आत घासलेलं, झाडलेलं असणार आणि सगळं मुसळ केरात जाणार. नवरा कंदील घेऊन पुढे आला. मावशी कुठं आहेत, मी विचारलं. तो म्हणाला, सावनेरले गेली, काल संध्याकाळच्या एस.टी.नं. स्वतःहूनच. इथं राहिली तर हात आवरायचे नाहीत म्हणून लेकीकडे जाऊन राहिली होती. जाताना फावडं, टोपलं आणि खराटा आतल्या खोलीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचून सोबत नेली. दया येऊन नवऱ्यानंही शेण उचलू नये म्हणून. फाटकापर्यंत जाऊन एकदा परत आली, गोठ्याकडे पाहिलं आणि मग गेली, असं त्यानं सांगितलं.

आम्ही आत गेलो. शेण होतं, चारही म्हशींच्या मागे, रात्रभराचं. कुटार ओलं झालेलं, काही ठिकाणी तुडवलेलं. चादरी नव्हत्या, दोन्ही बाजूंनी गार वारा येत होता आणि म्हशी डोळे मिटून निवांत रवंथ करत होत्या. मी माझ्या नेहमीच्या जागी बसले, नळी धरली, तोटी सोडली. डोळ्यांना काही झालं नाही. गृहस्थ दारात उभे होते. जरा वेळानं त्यांनी मफलर नाकावरून खाली घेतला, मग तोंडावरून, मग तो गळ्यात नीट गुंडाळून घेतला.  त्यांची नजर शेणावरून फिरताना पाहून मला मात्र कसंतरीच झालं. मावशी इथं नाहीत ते बरंच आहे, असं वाटलं.

प्रयोगशाळेत औषध टाकलं तर पाणी जेमतेम पिवळं झालं, हळदीचं बोट बुडवल्याइतपत. साहेबांनी बाटली उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली आणि त्याच दिवशी अहवाल लिहिला. गोठ्यातली हवा चांगली आहे, चुना वापरू नये, उकिरडा शेजारच्या घरापासून दूर मागच्या टोकाला न्यावा. गोठा राहिला. गृहस्थांनी पुढे काही कुरबुर केली नाही. उकिरडा हलल्यावर तर ते दूधही तिथूनच घ्यायला लागले.

मी बातमी सांगायला गेले तेव्हा मावशी परत आल्या होत्या आणि गोठ्याची फरशी घासत होत्या. बरं झालं, म्हणाल्या, आणि घासतच राहिल्या. मला वाटलं होतं की त्या हात धरतील, काही गोड बोलतील. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, किती घाण होता गं गोठा? मी म्हटलं, रोजच्याइतकाच. त्यावर त्या म्हणाल्या की रोज तो कोणी पाहत नाही. भाऊसाहेब कुठं कुठं पाहून गेले, कोणत्या म्हशीजवळ उभे राहिले, हे सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. माझ्या बाटलीतल्या पिवळ्या रंगाचं त्यांना काडीइतकंही देणंघेणं नव्हतं. आपला गोठा वाचवायला त्यांनी काय दिलं ते मला तेव्हा कुठं नीट कळलं, आणि मागे त्यांच्यावर रागावले होते तो राग मावळला.

निघताना त्यांनी संक्रांतीला यायला सांगितलं. तीळगूळ घ्यायला ये, आणि बाटल्याबिटल्या आणू नको.

संक्रांतीला गेले तर चारही म्हशी बाहेर, लिंबाच्या झाडाखाली उन्हात बांधलेल्या. गोठ्याच्या दारात रांगोळी. आत फरशी घासून पांढरी, नालीच्या दोन्ही कडांनी चुन्याच्या सरळ रेघा, आणि मोरांची चादर पुन्हा बांधलेली. मी दारातच थबकले. चुन्याचं सगळं माहीत असून मावशींनी हे केलं होतं. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला आत नेलं. नालीतून तो ओळखीचा भपका आला आणि माझे डोळे झोंबायला लागले.

"झोंबते ना? झोंबू दे," मावशी म्हणाल्या. "म्हशी मी बाहेर बांधल्या, त्याईले तरास नोको. तू पावनी आहे. पाहून घे, माझा गोठा असा असते."

मी डोळे पुसत पुसत सगळा गोठा पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही घाई न करता, आणि मावशी माझ्या मागून चालत राहिल्या. मग मी त्यांना सांगितलं की असा गोठा मी कुठंच पाहिला नाही. ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली, माझ्या हातावर तीळगूळ ठेवला, आणि आम्ही बाहेर म्हशींजवळ उन्हात जाऊन बसलो.